रोहाहियोची फणी

कैद्याची पिशवी झटकताना तिच्यातून एक फणी खाली पडली. ती कावेनियोने लगेच ओळखली. हरणाच्या शिंगाची फणी. वर दोन अस्वलं समोरासमोर बसलेली आणि त्यातल्या एकाचा कान उडालेला. तो कान कोरत असतानाच तिने मुलाला हाक मारली होती आणि त्याची सुरी घसरली होती. "असू दे, आई," रोहाहियो म्हणाला होता. "दोघांपैकी एकाला तरी तुझ्या हाका ऐकू येणार नाहीत."

तिने झटकन फणी मांडीखाली सरकवली. कुणी पाहिलं तर नाही? लांबलचक घरात चुली जळत होत्या, आढ्याला मक्याच्या कणसांच्या वेण्या लटकत होत्या. बायका बाहेर उन्हात बसल्या होत्या आणि दाराशी तिचा धाकटा भाऊ साकोयेता पाठमोरा उभा होता. कैदी चुलीपुढे मक्याची पेज ओरपत होता. नदीवर बायकांनी त्याला घासूनपुसून आणलं होतं. त्याच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

रोहाहियो पानगळीत मासे धरायला गेला आणि परत आला तो सोबत्यांच्या खांद्यावरून. सरोवरापलीकडच्या लोकांनी त्याला मारलं होतं. बर्फ वितळल्यावर साकोयेता माणसं घेऊन तिकडे गेला, त्यांचं एक गाव जाळून आला आणि हा एक जिवंत माणूस त्याने बहिणीपुढे आणून उभा केला. आता शब्द तिचा होता. नको म्हणाली, तर पुरुष त्याला जाळायला नेणार. ठेवून घेतला, तर मेलेल्याचं नाव त्याला द्यायचं. नाव दिलं की मेलेल्याची झोपायची जागा त्याची, मामा त्याचा, आईही त्याची. मग त्याला परका म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सकाळपासून तिचं मन ठेवून घेण्याकडेच झुकत होतं. जागा रिकामी होती, घर खायला उठत होतं. पण आता ही फणी निघाली होती.

बाहेरून मावशीचा आवाज आला. मावशी कुळातली थोरली, तिला थांबवून ठेवणं सोपं नव्हतं. "कावेनियो, तो पेज पितोय की दाणे मोजतोय? माझे गुडघे आखडले गं."

"होतंच आहे, मावशी."

नुसती हाक मारायचा अवकाश होता. फणी वर धरायची, 'साकोयेता' म्हणायचं, की झालं.  तिने फणी मुठीत धरून कैद्यासमोर केली.

"कुठे मिळाली?" आवाज दाबून तिने विचारलं.

सरोवरापलीकडच्यांची बोली हेल काढून बोललेली, पण समजायची. त्याने वाडगा खाली ठेवला. फणीकडे पाहिलं.

"नदीच्या वळणावर. ज्याच्या केसांत होती, त्याला मीच पाडलं."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. "आणि मिरवायला ठेवलीस?"

"नाही. आईला दिली होती. ती रोज विंचरायची."

"मग तुझ्याकडे परत कशी?"

त्याने दाराकडे पाहिलं. साकोयेताच्या कमरेला कुऱ्हाड लोंबत होती. "हे लोक आले त्या दिवशी तिच्या केसांतून काढून घेतली," तो म्हणाला. "घर जळत होतं. तिला बाहेर ओढलं, पण ती उठली नाही."

 कावेनियोने फणी उजेडात धरली. दातांमध्ये एक लांब पांढरा केस अडकला होता. तो तिचा नव्हता आणि तिच्या मुलाचाही नव्हता.

"ताई, पेज संपली ना?" साकोयेता वळला. "काय ते एकदा सांग. लोक खोळंबलेत."

आता फणी लपवायला हवी होती. तिचा हात मांडीकडे गेलाही. मग ती उठली, कैद्याच्या मागे जाऊन बसली आणि त्याच्या ओल्या केसांचा गुंता सोडवू लागली.  पहिल्यांदा फणी अडकलीच.

साकोयेता चार पावलं आत आला आणि जागच्या जागी थांबला. दोन अस्वलं, एक कान उडालेला. भाच्याची फणी त्याने क्षणात ओळखली. त्याचा हात कुऱ्हाडीवर गेला. दाराशी मावशी आणि तिच्यामागे इतर बायका येऊन उभ्या राहिल्या.  कैद्याने डोळे मिटून घेतले.

"ताई," साकोयेता म्हणाला. "ही रोहाहियोची फणी आहे. याच्याकडे कशी आली?"

कावेनियोने हात थांबवला नाही. 

"अरे, रोहाहियोची फणी रोहाहियोकडे नसेल, तर कुणाकडे असणार?"