श्वास सोडा

शेपटीचं टोक सेकंदाला चार वेळा हलत होतं. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी ते घड्याळावर मोजलं होतं. घरी झोपेतसुद्धा आकडा दोनच्या खाली येत नसे. आणि आज, क्रीडांगणावर दोर बांधून केलेल्या या रिंगणात, भिंगरीने निदान मिनिटभर तरी पुतळ्यासारखं उभं राहायचं होतं.

"शेपटी हलली तर चालतं," बाईंच्या शेजारच्या खुर्चीवरून मावशी म्हणाल्या. "हिच्या शेपटीमागे अख्खी कुत्री हलते, ते चालत नाही."

मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. चाळीस वर्षं त्या स्पॅनियल जातीची कुत्री वाढवत होत्या, आणि भिंगरी त्यांच्याच घरी जन्मली होती. "ठेवून तर बघा, पहिल्या डॉग शोपर्यंत काय ते सांगा," असं म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ती बाईंच्या हवाली केली. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येई, "ठेवताय ना?" आणि दर रविवारी बाई म्हणत, "बघू."

बाईंचाही इलाज नव्हता. बावीस वर्षं झाली, फिल्मवर हाडाचे दोन तुकडे धडधडीत दिसत असले तरी "काय आलंय हो?" म्हणणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "डॉक्टर सांगतील." दिसेल ते नीट बघायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, ही सवय हाडीमासी खिळली होती.

"आज मात्र बघू-बिघू नाही," मावशी म्हणाल्या. "तो निळ्या जाकिटातला दिसतोय ना? त्याच्याकडे पदकं मिळवलेल्या तीन कुत्र्या आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर इथूनच घेऊन जाईन म्हणतोय. गळ्यातला पट्टासुद्धा आणलाय."

बाईंनी पाहिलं. पट्टा नवा होता, लाल. माणूस प्रेमळ वाटत होता. तो जरा वाईट असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

रिंगणात भिंगरीची दोरी बाईंच्या नवऱ्याच्या हातात होती. ते शाळेत पीटीचे सर. आपल्या एका शिट्टीवर चारशे मुलं सरळ होतात, तिथे एका कुत्रीची काय कथा, म्हणून हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पळण्याचा भाग झकास झाला. कोण कुणाला पळवतंय ते कळलं नाही, पण वेग भरपूर होता. मग परीक्षक तपासायला जवळ आले आणि उभं राहायची वेळ झाली.

"उभी राहा," सर म्हणाले. भिंगरीने परीक्षकांच्या बुटाची नाडी ओढून सोडवली.

"सावधान!" सर गरजले. भिंगरी आनंदाने उताणी पडली आणि चारही पाय हवेत झाडू लागली.

परीक्षकांनी कागदावर पेन टेकवलं. निळ्या जाकिटातल्या माणसाने लाल पट्ट्याचं बक्कल उघडून पाहिलं.

घरी संध्याकाळी स्वयंपाकघरात सरावासाठी भिंगरीला उभं करायचं काम बाईंचं होतं. आपण तेव्हा काय म्हणतो, याकडे त्यांचं स्वतःचंही कधी लक्ष गेलं नव्हतं. आता त्या खुर्चीवरून उठल्या आणि दिवसातून साठ वेळा म्हणायचं वाक्य दवाखान्यातल्या आवाजात तोंडून बाहेर पडलं.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

भिंगरी उठली. चारही पाय जागच्या जागी, मान ताठ. शेपटीचं टोकसुद्धा थांबलं. सर थांबले. आपापली कुत्री घेऊन रांगेत थांबलेली सगळी मंडळी छाती फुगवून उभी राहिली. मावशींचा चहाचा कप ओठांपाशी थबकला. परीक्षकांनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, पाय तपासले, आणि हे सगळं गाल फुगवूनच केलं.

वाक्य अर्धवट टाकायची बाईंना सवय नव्हती.

"हं. सोडा."

सरांनी दोरी सोडली.

भिंगरी परीक्षकांच्या पायांमधून, दोराखालून, मावशींच्या चहावरून थेट बाईंच्या अंगावर आली. कुर्त्यावर मातीचे दोन पंजे स्वच्छ उमटले.

"अहो, श्वास! श्वास सोडा म्हणत होते मी!"

"मग तसं म्हणावं ना!" सर रिंगणातून ओरडले. "लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एका शब्दात तुझं ऐकलं, तर तेही चुकलं!"

परीक्षक हसू दाबत दोरापाशी आले. "रिंगणाबाहेर गेली म्हणजे बाद. नाइलाज आहे. पण मिनिटभर उभी राहिली ना, तशी आज एकही उभी राहिली नाही." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "इथे मालकाच्या नावापुढे 'बघू' लिहिलंय. आडनाव आहे का हे?"

"फॉर्म मी भरलाय," मावशी साडीवरचा चहा झटकत म्हणाल्या. "मिळालं ते उत्तर लिहिलं."

निळ्या जाकिटातला माणूसही पट्टा घेऊन जवळ आला होता. "मग घेऊ का मी हिला?" त्याने अदबीने विचारलं.

"थांबा," सर धापा टाकत म्हणाले. "डॉक्टर सांगतील."

सगळे हसले. भिंगरीची शेपटी बाईंच्या मनगटावर आपटत होती. सवयीने त्यांनी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि पुढचा आकडा राहून गेला.

"ते 'बघू' खोडा," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "माझं नाव लिहा. मी नाही सोडणार हिला."