तळ्याशी भांडण नाही

तळ्यातली जलपर्णी ओढता ओढता वसुधा रणपिसेंनी मागं पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मेथेअण्णा नेहमीसारखे धोतर खोचून पाण्यात उतरत होते.

व्यापारी खटल्यांतल्या वकील म्हणून वसुधाताईंचं नाव होतं. रविवारी लोक जमवून तळं साफ करायचं, तेही त्यांनीच सुरू केलेलं. शुक्रवारी अण्णांच्या धाकट्या भावाची बाजू लढवताना त्यांनी भर कोर्टात अण्णांना चोर ठरवलं आणि भागीदारीचा दावा जिंकला.

"अण्णा, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"तळ्याशी माझं कुठं भांडण आहे? पण एक सांगा ताई. मी चोर आहे, असं खरंच वाटलं तुम्हाला?"

"नाही हो! कधीच नाही," ताई घाईनं म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा उतरला.

"वाटलं असतं तर बरं होतं," एवढंच बोलून ते काठ चढून गेले.