पदरचं काही न घालणारे स्पीकर

वृंदा दिनकररावांच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. समोरच्या दोन स्पीकरमधून एक गायिका सावकाश तोडी आळवत होती. गुरुग्रामच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारचं ऊन आलं होतं. डायनिंग टेबलाशी दिनकररावांच्या पत्नी कुमुदिनीबाई मटार सोलत होत्या. दिनकरराव मात्र भिंतीला टेकून उभे होते आणि ही मुलगी हो म्हणते की नाही याची वाट पाहत होते.

वृंदा मूळची ठाण्याची, नोएडात आयटीत नोकरीला. स्पीकर विकायचे असल्याची जाहिरात वाचून ती ते ऐकायला आली होती. आल्या आल्या दिनकररावांनी तिला सगळं खरं सांगून टाकलं होतं. मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांचं काम कानांचं होतं. नव्या गाडीत कुठे काय कुरकुरतंय, ते शोधायचं. ही सिस्टीमही त्यांनी तशीच कान लावून जमवली होती. अगदी न्यूट्रल, पदरचं काही न घालणारी. रेकॉर्डिंगमध्ये जे असेल ते, जेवढं असेल तेवढंच. वर्षानुवर्षं त्यांना तिचा अभिमान होता.

गेली दोन वर्षं मात्र त्या आवाजातला जीव गेला होता. सगळं कसं मळकट, सपाट. त्यांनी वायरी बदलल्या, गालिचा हलवला, सोफा दुसऱ्या भिंतीला नेला. माइक लावून मोजमाप केलं, तर लॅपटॉपवरची रेघ पूर्वीइतकीच सरळ. तेव्हा त्यांनी निदान केलं, की सिस्टीम ठीक आहे, फक्त इतक्या सरळपणाचा माणसाला कंटाळा येतो. आता त्यांना जुन्या धर्तीचा, आवाजात थोडी साखर घालणारा अँप्लिफायर हवा होता. स्पीकरही त्याला साजेसे. कुमुदिनीबाई एकदाच म्हणाल्या होत्या, विकू नका. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

गाणं संपलं. वृंदानं डोळे उघडले.

"काका, तुम्ही खरंच विकताय हे?" ती म्हणाली. "यार, त्यांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येतात. समेवर मांडीवर हात पडतो ना, तेव्हा दर वेळी किणकिणतात."

दिनकरराव हसले. मुलगी आपल्याला खूश करतेय, असं त्यांना वाटलं. त्यांनी तीच जागा पुन्हा लावली. मग स्पीकरजवळ जाऊन गुडघे टेकले आणि कान अगदी जाळीला लावला. सम आली. पुन्हा आली. तबला होता, तंबोरा होता, गायिकेचा आवाज होता. आणखी काही नव्हतं.

आणि मग त्यांना आठवलं. वीस वर्षांपूर्वी, दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या घरात, हेच रेकॉर्डिंग लावून त्यांनी कुमुदिनीबाईंना स्वयंपाकघरातून ओढून आणलं होतं. ऐक, बांगड्या ऐक, म्हणून. तेव्हा कुमुदिनीबाईंनी कणकेच्या हातांनी उभ्या उभ्या पूर्ण गाणं ऐकलं होतं.

ते जमिनीवरूनच वळले. कुमुदिनीबाईंचे हात थांबले होते.

"आहेत का गं?" त्यांनी विचारलं.

"आहेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

वृंदाला काय घडलं ते कळलं असावं. तिनं चहा संपवला, मटारचं कौतुक केलं, आणि काका, इतक्यात घाई करू नका, एवढंच म्हणून ती गेली.

दुपारी जेवताना दिनकररावांनी बायकोला विचारलं, की तुला कधीपासून माहीत होतं. दोन वर्षं तरी झाली, त्या म्हणाल्या. दारावरची बेल तुम्हाला ऐकू येईना तेव्हापासून. नवे स्पीकर आणले असते तरी महिन्याभरात तेही तुम्हाला मळकट वाटले असते. मग सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. तुमचा त्या कानांवर केवढा जीव, मला नाही सांगवलं, म्हणाल्या.

बुधवारी दोघं कान तपासायला गेले. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या मुलीनं बारीक-जाड आवाज ऐकवले आणि शेवटी एक आलेख पुढे ठेवला. ती हिंदीत समजावून सांगू लागली, पण दिनकररावांना समजावण्याची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी असेच आलेख वाचले होते. डावीकडे रेघ सपाट चालली होती आणि उजवीकडे कड्यावरून उडी मारावी तशी खाली गेली होती. त्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. घरी आल्यावर स्पीकरवरची धूळ पुसली आणि जाहिरात काढून टाकली.

दहा दिवसांनी कानातली यंत्रं तयार झाली. त्याच मुलीनं ती हलक्या हातानं बसवली, कॉम्प्युटरवर काहीतरी जुळवलं आणि कुमुदिनीबाईंना म्हणाली, आंटी, आता तुम्ही काहीतरी बोला.

"अहो, ऐकू येतंय का नीट?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

दिनकरराव दचकले. त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले.

"अगं, ओरडतेस कशाला एवढी?"

कुमुदिनीबाई त्यांच्याजवळ सरकल्या. मग अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाल्या, "सवय लागली हो. दोन वर्षं तशीच मोठ्यानं बोलतेय तुमच्याशी."

आणि ही दोन्ही वर्षं दिनकरराव दर रविवारी मुलाला फोनवर सांगत आले होते, की तुझी आई हल्ली फार चिडचिडी झालीये.