झाकण मिटलेला लॅपटॉप

नवऱ्याला पोचवून माणसं जेमतेम घरी परतली होती, तोच त्याचे साहेब दारात हजर. सोफ्याच्या टोकावर बसून त्यांनी चष्मा पुसला, "देवमाणूस होता हो," म्हणाले आणि लगेच आवाज उतरवून विचारलं, "वहिनी, त्याचा लॅपटॉप कुठाय? बंद नाही ना केलात?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नाही, तो शटडाऊन कधी करायचाच नाही," साहेब म्हणाले. "मीच तसं सांगितलं होतं ऑफिसात सगळ्यांना, नुसतं झाकण मिटा म्हणून. कधीही फोन केला तरी लगेच कामाला लागता येतं. स्लीपवर असेल तर त्याचं अर्धवट काम जसंच्या तसं सापडेल. बंद पडला, तर सगळंच मुसळ केरात!"

ज्या टेबलावर त्याने मान टाकली होती, त्याच टेबलावरून तिने लॅपटॉप उचलून आणला आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी घाईघाईने झाकण उघडलं. स्क्रीन उजळली, तसा त्यांचा चेहराही उजळला.

"आहे हो, आहे! जिवंत आहे!"

तिला शिसारी आली.



तिने वाकून पॉवरचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळीठिक्कर पडेपर्यंत बोट उचललं नाही.