उडण्यातला वाटा

"जीने, उतरव ना! हात सुटतील माझे!"

एरॉल माडाच्या शेंड्याला लटकला होता, तोही उलटा. डोकं खाली, पाय आभाळाकडे, आणि दोन्ही हातांनी झावळी गच्च धरलेली. हात सुटले असते तर तो चारचौघांसारखा खाली पडणार नव्हता. वर जाणार होता. किती वर, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली अर्धं वटार गाव जमलं होतं आणि प्रत्येक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. मदतीला एकाचाही हात मोकळा नव्हता.

त्याची मोठी बहीण जीना अंगणात उभी होती. तिने हात वर केला, मूठ आवळली आणि नेहमीसारखा हिसका दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. झावळी तेवढी हलली, तीही वाऱ्याने.

"नाही होत," ती म्हणाली.

"नाटकं करतेय!" थॉमस काका ओरडले.

आता या घराण्याचं कौतुक सांगायलाच हवं. यांचे वडील सॅन्टन उडायचे. अहो, खरंच उडायचे. देवाने एवढं दिलं आणि या गृहस्थाने काय केलं? आयुष्यभर नारळ पाडले. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या ऐन शांततेत, एरॉल बाकावरून फूटभर वर उचलला गेला. आई लुसी किंचाळली. जीनाने घाबरून त्याच्या दिशेने हात ओढला, तसा तो धप्पकन बाकावर आपटला. सॅन्टनची करामत दोघांत वाटली गेली होती. वर जाणं मुलाकडे, खाली आणणं मुलीकडे.

झालं! एरॉलसाहेब सुपरहिरो झाले. डोळ्यांवर गॉगल, मागे ढणाढणा म्युझिक, रोज एक रील. जीना उन्हात मान वर करून उभी राहायची आणि त्याला अलगद खाली आणायची. रीलमध्ये ती एकदाही दिसली नाही. कुणी विचारलंच तर हा शहाणा म्हणायचा, "खाली येणं ही काय पॉवर आहे? फणसपण येतो खाली." लोक हसायचे. जीनाही हसायची, पण तिला ते फार लागायचं. पप्पांची तिच्याकडे राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मग जीनाचं पापडी गावच्या जॅक्सनशी लग्न ठरलं आणि थॉमस काकांच्या अंगात वकील संचारला. मुलगी सासरी जाण्याआधी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, आणि वर तिलाच 'किती गुणाची' म्हणायचं, ही आपली थोर पद्धत. वाडीतला हक्क सोडायला जीनाची ना नव्हती. पण काका पडले हुशार. खऱ्या वकिलाला म्हणाले, "घर, वाडी, विहीर तर लिहाच. शिवाय वडिलांकडून जे जे काही आलं असेल तेही लिहा. उद्या हिचा नवरा येऊन उडण्यात वाटा मागेल!"

वकिलाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तरी त्याने लिहिलं.

आज सकाळी रजिस्ट्रार ऑफिसात जीनाने तो कागद वाचला. "काका, हेही?"

"सही कर गं. आपल्यात कुठली मुलगी नाही म्हणते?"

तिने आईकडे बघितलं. लुसी पर्समध्ये उगाच रुमाल शोधत बसली. एरॉल मोबाईलमध्ये होता. जीनाने सही केली, अंगठा दिला, मान वाकडी करून फोटोही काढून घेतला. आणि दुपारी घरी पोचल्या पोचल्या एरॉल "आता सगळं माझं!" असं लाईव्हवर ओरडत वर गेला.

त्याला आता पाऊण तास झाला होता. शेजारच्या फ्रान्सिसने दोरी टाकून ओढून बघितलं, पण दोरीसकट तोच दोन हात वर उचलला गेला, तेव्हा त्याने दोरी सोडून दिली आणि देवाचं नाव घेतलं.

"नाटकं नाहीत, काका," जीना म्हणाली. "माझ्याकडे राहिलंच नाही ते. सकाळी सही केली ना, तेव्हा बोटांतून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं होतं, ते हेच. एरॉलकडे गेलंय."

"माझ्याकडे?" वरून आवाज आला. एरॉलने घाईघाईने एक हात सोडला आणि हवेत मूठ आवळून हिसके दिले. एक, दोन, चार. त्याचा गॉगल तेवढा खाली आला.

"तसं नाही होत. पाय जमिनीवर टेकवून ओढावं लागतं. मी कधी हवेत राहून ओढलं का तुला?"

आता मात्र एरॉल रडायला लागला. एकोणीस वर्षांचा घोडा, पण लहान पोरासारखा हुंदके देत होता. झावळी कडकड वाजली. लुसीने जीनाचे दोन्ही हात धरले आणि मान खाली घातली. लाज वाटत होती तिला, आणि वाटायलाच हवी होती.

काका लगबगीने पुढे आले. "मग आपण परत कागद करू! एरॉल लिहून देईल तुला. सगळं देईल! उतरवायचंपण आणि वाडीतलंपण! ऑफिस अजून उघडं असेल. रिक्षा बोलवा कुणीतरी! चल, जीना, चल लवकर!"

जीनाने डोळे पुसले.

"चला की. पण काका, देणाऱ्याला सहीला स्वतः यावं लागतं."