सरकलेल्या तारा

फुलर्टनमधल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात कॉन्सुएलोकाकू रुफिनोकाकांची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आल्या. काका गेल्यापासून ती मुकीच होती.

"त्यांचा सूर एकदा ऐकव रे, बाबा."

प्रत्येक तारेखाली तिचं चुंबक असतं; तार बरोबर त्याच्यावर असली तरच आवाज मोठा निघतो. इथे सहाही तारा बाजूला सरकल्या होत्या. मी स्क्रू सैल करून गिटारची मान, म्हणजे लांब दांडी, बाजूला ओढली, तारा चुंबकांवर आणून छेडल्या. आवाज खणखणीत निघाला.

काकूंचा चेहरा पडला. "हा ह्यांचा नव्हे. बाळ उठू नये म्हणून ते तारा सरकवून ठेवायचे. मऊ वाजायचं."

मी स्क्रूला पुन्हा हात लावण्याआधीच तारा आपसूक सरकल्या आणि मऊ वाजू लागल्या.

काकू गिटारवर वाकल्या. "अहो, आता मोठ्यानं वाजवा की. बाळ पन्नाशीचं झालंय!"

तारा थांबल्या. मग हळूहळू चुंबकांकडे परतू लागल्या.