जरा मोठ्यानं सांग

चर्चमधल्या स्वयंसेवकांचे प्रमुख होते काका, आणि त्यांचे कान पार गेलेले. सभेत कुणी काही विचारलं, की ते कानामागे हात धरून शेजारच्या शिवणकामवाल्या बाईला म्हणत, "काय म्हणतायत? उभी राहा, जरा मोठ्यानं सांग."

चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. सगळे तिला अबोलीच म्हणत. पण काकांपुढे इलाज नव्हता. आधी ती नुसता प्रश्न सांगायची, मग हळूच आपलं मतही जोडू लागली. पुढे लोक थेट तिलाच विचारू लागले.

ती प्रमुख झाली त्या दिवशी, टाळ्यांच्या गलक्यात, काका म्हणाले, "चहा आला वाटतं. आतल्या खोलीत कपबशा वाजल्या."

तिला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काका, तुम्हाला ऐकू येतं?"

"काय म्हणालीस?" काकांचा हात कानामागे.

पुढच्या सभेत कुणीतरी अवघड प्रश्न टाकला. उत्तर अगदी तिच्या ओठांवर होतं. शेजारी एक लाजरा सुतार खाली मान घालून बसला होता. अबोलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि कानामागे हात धरला.